राशन कार्ड चालू आहे का? नागपुरात भुकेल्यांसाठी मदत उभी करताना

मे २०२०, लॉकडाऊनचे दिवस. हैदराबादकडून आलेले मजूर आउटर रिंग रोडने पायी मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाकडे निघाले होते. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे चालणाऱ्यांची रीघ आमच्या शहरावरूनच जात होती. मोहल्ल्यातल्या आठ घरांनी मिळून खिचडी केली. सकाळी नऊला गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून उतरवला, वाफ निघत असतानाच खिचडी पातळ पिशव्यांत भरली, गाठी मारल्या आणि पिशव्या गाडीच्या डिक्कीत रचल्या. वाटपाला दुपारचे अडीच वाजले. कडेला बसलेल्या एका बाईने पिशवी सोडली, लेकराला भरवण्याआधी नाकाशी नेली आणि एक शब्दही न बोलता परत गाठ मारून बाजूला ठेवली. खिचडी आंबली होती. तीन दिवस चाललेल्या बाईला आम्ही खराब अन्न दिलं होतं.

तेव्हापासून हे काम आम्ही सोडलेलं नाही, पण करण्याची पद्धत पार बदलली. नव्याने सुरुवात करणाऱ्या मंडळांना, महिला बचत गटांना, कॉलेजच्या पोरांना उपयोगी पडावं म्हणून ती इथे क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. धान्याचं किट आठवडाभर पुरतं. बंद पडलेलं राशन कार्ड सुरू करून दिलं तर त्या घरात दर महिन्याला धान्य येतं. म्हणून जेवण हातात ठेवताना आम्ही प्रत्येकाला विचारतो, "राशन कार्ड चालू आहे का?"

पहिली पायरी: भूक कुठे आहे ते आधी फिरून बघा

सामान घेण्याआधी दोन दिवस नुसतं फिरा. नागपुरात भूक एकाच जागी नाही आणि एकाच तऱ्हेचीही नाही.

मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाहून आणि पलीकडच्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून आलेले लोक दिसतील. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं, सोबत आलेल्याला मिळत नाही. हा माणूस गावी चार एकरांचा शेतकरीही असू शकतो. घरून आणलेले पैसे बस, औषधं आणि तपासण्यांत संपलेले असतात, म्हणून तो एक वेळचं जेवण मुकाट्याने सोडतो. तो हात पसरणार नाही. त्याला रांगेत उभं करू नका. झाडाखाली सतरंजी टाकून बसलेल्यांजवळ जाऊन आपणही बसा, "कोणत्या वॉर्डात हाय आपला पेशंट?" असं विचारा, बोलणं सुरू होईल. इथे कच्चं धान्य देऊन उपयोग नाही, तयार जेवण लागतं आणि तेही रात्रीचं, कारण दुपारी काही ना काही मिळून जातं.

मजुरांच्या ठिय्यावर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान जा. दहा वाजले तरी तिथेच बसलेल्या माणसाला त्या दिवशी काम मिळालेलं नसतं. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर परराज्यातली कुटुंबं येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांनी उचल घेतलेली असते, हाती रोख नसते आणि किराणा जवळच्या एकाच दुकानातून उधारीवर चालतो. रेल्वे स्टेशन आणि उड्डाणपुलांखाली एकटी माणसं भेटतात. त्यांना जेवणाइतकीच रात्रीच्या सुरक्षित जागेची गरज असते. महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत. तिथे एकदा स्वतः जाऊन या, खाटा, पाणी, संडास बघा, आणि मगच कुणाला तिकडे चला म्हणा. स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर घरी आणू नका, १०९८ वर फोन करा आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.

फिरताना एक वही ठेवा. घरात माणसं किती, पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर किंवा ओली बाळंतीण आहे का, म्हातारं किंवा आजारी कोण, चूल आहे का, शेवटचं पोटभर कधी जेवले, कार्ड आहे का. एवढं पुरे. जात, धर्म, नवरा कुठे गेला, गाव का सोडलं, हे विचारायचं नाही. ताई स्वतःहून सांगेल तर ऐकून घ्यायचं, वहीत उतरवायचं नाही.

दुसरी पायरी: हिशेब माणशी करा, घराशी नाही

बहुतेक किटांत पाच किलो तांदूळ आणि एक किलो डाळ असते. दिसायला पिशवी भरलेली वाटते. आता हिशेब मांडा. अंगमेहनत करणाऱ्या घरात माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य लागतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो. म्हणजे ते किट अडीच दिवसांत संपलं. आपण मात्र महिन्याची सोय केली अशा समाधानात घरी येतो.

आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर माणशी दिवसाला सरासरी २,१०० कॅलरी हा आकडा धरतात. तो समोर ठेवून आम्ही पाच माणसांच्या सात दिवसांसाठी हे प्रमाण बसवलं आहे: १४ किलो धान्य, २ किलो तुरीची किंवा मिश्र डाळ, १ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, ७०० ग्रॅम साखर किंवा गूळ, २ किलो आलू, १ किलो कांदे, १ किलो मीठ, वर हळद, तिखट, चहापत्ती, अंगाचा आणि कपड्याचा साबण. माणसं कमी-जास्त असतील तर त्याच पटीत बदला. शेंगदाणे काटकसरीत वगळू नका. बाईच्या आणि पोरांच्या ताटात डाळ सगळ्यात शेवटी येते, मूठभर दाणे मात्र लेकरू येता-जाता खातं.

धान्य कोणतं द्यायचं हे खाणाऱ्याच्या गावावरून ठरवा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि छत्तीसगडचा माणूस भात खाणारा. त्याला चौदा किलो कणीक दिली तर ती तो शेजारी विकून तांदूळ घेईल. बुंदेलखंडाकडच्या कुटुंबाला उलट कणीक हवी असते. विचारायला अर्धा मिनिट लागतो.

खरेदी इतवारीतल्या ठोक किराण्यातून करा, भाजी कळमना किंवा कॉटन मार्केटमधून सकाळी लवकर घ्या. डाळ घेताना मूठभर हातावर घेऊन बघा, फोडून बघा. कीड लागलेला माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. आपल्या घरच्या डब्यात जो तांदूळ भराल तोच द्या.

तिसरी पायरी: चूल नसेल तर

फुटपाथवरच्या, निवाऱ्यातल्या किंवा नुकतंच घर वाहून गेलेल्या कुटुंबाला डाळ-तांदूळ म्हणजे नुसतं ओझं. अशांसाठी वेगळी पिशवी बांधा: फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, पोहे, खजूर. पोहे पाण्यात भिजवून गुळासोबत खाता येतात. सोबत पाण्याची मजबूत बाटली द्या.

बाळांच्या बाबतीत जपा. दुधाच्या पावडरचे डबे वाटू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला डबा मिळाला की अंगावरचं दूध कमी होतं, आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या पावडरीने हगवण लागते. अशा डब्यांच्या जाहिरातीला आणि वाटपाला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंधनं आहेत. बाळाऐवजी आईला जेवू घाला, तिच्या पिशवीत दाणे आणि गूळ जास्त टाका.

कुणी बरेच दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नसेल तर त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवू नका. अशा शरीरावर एकदम आलेलं अन्न जिवावर बेतू शकतं. पातळ पेज थोडी थोडी द्या आणि माणूस ग्लानीत असेल, पाय सुजलेले असतील तर १०८ ला बोलवा. जुलाब होणाऱ्यासाठी ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका.

चौथी पायरी: शिजवलेलं अन्न आणि नागपूरचं ऊन

इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत बंद पिशवीतली गरम खिचडी म्हणजे आंबवायला ठेवलेलं पीठच.

शंभर जणांच्या खिचडीला आम्ही १२ किलो तांदूळ, ४ किलो डाळ आणि दीड लिटर तेल घेतो. उन्हाळ्यात त्यात आलू, टमाटे आणि ओलं खोबरं घालत नाही. अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत पोटात गेलं पाहिजे, हा नियम आम्ही मोडत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर ते ६० अंशांच्या वर, म्हणजे चटका बसेल इतकं गरम राहिलं पाहिजे. म्हणून आता पॅकिंग बंद केलं आहे. गंज झाकून, गोणपाटाने गुंडाळून जागेवर नेतो आणि तिथेच पत्रावळीवर वाढतो. निघण्याआधी एक जण खाऊन बघतो, जागेवर पोचल्यावर दुसरा. वाढणाऱ्याच्या हातावर जखम असेल तर तो त्या दिवशी वाढायला येत नाही, पाणी देतो.

लग्नाच्या हॉलमधून उरलेलं अन्न घ्या म्हणून रात्री अकराला फोन येतात. आम्ही दोनच गोष्टी विचारतो: किती वाजता शिजलं आणि ताटात वाढून झालेलं आहे का? पनीर, दही, मलई, कापलेली फळं रात्री उशिरा घेत नाही. पोळ्या, साधा भात, सुकी भाजी तपासून घेतो. नाही म्हणताना समोरच्याला वाईट वाटतं, पण उड्डाणपुलाखालच्या माणसाला अन्नविषबाधा झाली तर त्याच्यापाशी ना डॉक्टर असतो ना संडास.

अन्न नियमित शिजवून वाटणार असाल तर अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करून घ्या. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे स्वतंत्र नियमही आहेत.

आपल्या शहराला भोजनदान नवं नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या चहूबाजूंनी लागणारे स्टॉल बघा. लाखो माणसं जेवतात आणि वाढणारा कुणाचं नावगाव विचारत नाही. ताजबागच्या लंगरमध्येही तेच दिसतं. काम शिकायचं असेल तर अशा ठिकाणी दोन दिवस वाढायला उभे राहा. हजारो माणसांपुढे वाढपी हात कसा चालवतो हे लेख वाचून कळणार नाही.

पाचवी पायरी: देताना

फोटो काढायचा नाही. देणगीदारांना दाखवायला लागतो म्हणाल तर गंजाचा, बिलाचा, रचलेल्या पोत्यांचा काढा. मेडिकलच्या आवारात एका काकांनी जेवणाचं पाकीट परत केलं होतं. पोरीच्या सासरी फोटो पोचला तर काय म्हणतील, एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून वाटपाच्या वेळी मोबाइल पिशवीत जातात.

किट वस्तीच्या चौकात वाटू नका. आदल्या दिवशी चिठ्ठ्या देऊन ठेवा, वेळ द्या आणि शक्यतो घरपोच करा. वस्तीतल्या एखाद्या पुढाऱ्याच्या हाती सगळा माल सोपवला की त्याच्या जवळच्यांना दोनदा मिळतो आणि शेवटच्या झोपडीतली एकटी म्हातारी तशीच राहते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सोबत असेल तर उत्तम. कोणत्या घरात चूल पेटत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

सहावी पायरी: राशन कार्ड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला घरामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, ग्रामीण भागात ४४,००० ठरवलेली आहे. केशरी कार्ड हातात असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. कार्ड या कायद्याच्या यादीत आहे का, हे बघावं लागतं. बरीच कुटुंबं इथेच अडकतात. कार्ड जपून ठेवलेलं असतं, दुकानदार "तुमचं नाव येत नाही" म्हणतो आणि बाई घरी परतते.

तिच्यासोबत दुकानात जा. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक काढून घ्या. कुणाकुणाचं आधार जोडलेलं आहे, कुणाची ई-केवायसी राहिली आहे, कुणाचं नाव गळलं आहे, ते यंत्रावर बघायला सांगा. सून आली, लेकरू झालं, पण नाव चढवलंच नाही, असं निम्म्या घरांत निघतं. नाव चढवायला, कमी करायला अन्नधान्य वितरणाच्या झोन कार्यालयात अर्ज जातो. पोच घ्या आणि तारीख वहीत लिहा. दुकानदार धान्य असून नाही म्हणत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार होते. तक्रार आपण करू नये. शेजारी उभं राहून त्या बाईकडूनच करवून घ्यावी. पुढच्या खेपेला ती एकटी जाणार आहे.

परराज्यातल्या मजुराला बहुधा हे माहीतच नसतं की त्याचं गावचं कार्ड नागपुरातही चालतं. 'एक देश, एक राशन कार्ड' योजनेत तो आपल्या वाट्याचं धान्य इथल्या कोणत्याही राशन दुकानातून घेऊ शकतो आणि गावी राहिलेले आईबाप उरलेला वाटा तिथे उचलू शकतात. नवं कार्ड काढायची गरज नाही.

बालाघाट जिल्ह्यातल्या एका मिस्त्रीसोबत मी दुकानात गेले होते. त्याने यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. सिमेंट कालवून त्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. अंगठा आरशासारखा गुळगुळीत. मागची रांग कुरकुरायला लागली, तसा तो "रहने दो दीदी" म्हणत बाजूला सरकला. दुकानदार भला माणूस होता. त्याने ओला फडका दिला, दहाही बोटं एकेक करून लावून बघितली. डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला. मिस्त्रीने ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं आणि दहा किलो तांदूळ बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. अंगठा लागला नाही म्हणजे हक्क संपला, असं नसतं. इतर बोटं, डोळ्यांचं स्कॅनिंग, मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग विचारून घ्या. म्हाताऱ्यांना आणि बांधकामावरच्यांना हे हमखास लागतं.

कार्डाचं काम चालू असतानाच बाकीचंही विचारा. एकट्या विधवेचा किंवा अपंग माणसाचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला आहे का? मुलाचं नाव अंगणवाडीत आहे का? दुपारपुरतं शिवभोजन केंद्र जवळ आहे का? २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या या थाळीत १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. पत्ता सांगण्याआधी केंद्र चालू आहे ना, हे स्वतः बघून या. भर उन्हात बंद दारापर्यंत कुणाला चालायला लावू नका.

पूर आला तर

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या बंगल्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या नाल्याकाठच्या खोल्यांपर्यंत मदत उशिरा पोचली.

पहिले तीन दिवस शिजवलेलं अन्न आणि प्यायचं पाणी लागतं. शिजवणं, धुणं धरून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरा. चौथ्या दिवसापासून झाडू, बादली, फिनेल, मच्छरदाणी, सॅनिटरी पॅड, आतले नवे कपडे आणि सतरंजी हवी असते. जुन्या कपड्यांची गाठोडी आणू नका. तिसऱ्या दिवशी ती चिखलात पडलेली असतात आणि ती उचलण्याचं काम वस्तीवरच येतं.

सगळ्यात आधी मात्र कागद. एका ताईंकडे गेले तेव्हा तिने आधार, कार्ड, बँकेचं पासबुक वर्तमानपत्राच्या घडीत घालून वर जेवणाची थाळी आणि थाळीवर वीट ठेवली होती. तिने बरोबर केलं होतं. ओले कागद चुलीवर किंवा उन्हात वाळवले की शाई उडते आणि कागद चिरतो. सावलीत, घडीत दाबून, वर्तमानपत्र तासातासाला बदलत वाळवायचे, आणि मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवायचे. फोटो काढायचा तो इथे. घर धुण्याआधी पाण्याची खूण दिसेल असे भिंतीचे, भिजलेल्या धान्याचे, बिघडलेल्या सामानाचे फोटोही घ्या. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते आणि पंचनामा करणारे येईपर्यंत नेटक्या बाईने घर स्वच्छ करून ठेवलेलं असतं. भाड्याने राहणाऱ्याचं नाव पंचनाम्यात राहून जातं, घरमालकाचंच लागतं. तलाठी आले की वस्तीत हजर राहा आणि भाडेकरूंची यादी त्यांच्या हातात द्या.

पैशाबद्दल थोडक्यात

स्वतःच्या खात्यावर लोकांकडून वर्गणी मागवू नका. नोंदणी झालेली संस्था सोबत घ्या, किंवा गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी काढा. प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल, प्रत्येक देणगीची पावती, आणि दर रविवारी ग्रुपवर जमा-खर्च. आयकरात ८०जी ची सूट हवी असणाऱ्याला आधीच सांगा की २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून पैसा घेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर अमेरिकेचा नागरिक झालेला भाचा पाठवतो म्हणाला तरी थांबवा.

शेवटची पायरी: परत जा

वहीत प्रत्येक घरापुढे पुढच्या भेटीची तारीख असते. पहिल्या भेटीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे किट संपण्याच्या आत. मग महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, राशन दुकानात धान्य आलेलं असतं तेव्हा. या भेटीला काही घेऊन जात नाही. डबा उघडून दाखव, असंही म्हणत नाही. ओट्यावर बसतो, चहा दिला तर पितो, आणि विचारतो, "या महिन्याचं उचललं का?"

नाही म्हणाली तर चपला घालून तिच्यासोबत दुकानात जातो. हो म्हणाली तर वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करून पुढच्या घरी.